लाल मोज्यांच्या मागे: सिनसिनाटी ते बॉस्टन

काका-काकू उन्हाळ्यात आमच्याकडे कोलंबसला आले आणि काकूचं मस्त चाललं होतं, पण काकांना दिवसभर करायचं काय हा प्रश्न लवकरच उभा राहिला, म्हणून मी त्यांना एका शनिवारी ओहायो व्हिलेजला घेऊन गेलो. तिथे मफिन्स नावाची एक टीम १८६० च्या नियमांनी बेसबॉल खेळते, म्हणजे ग्लोव्ह नाही, बॉल खालून टाकायचा, आणि एक टप्पा आउट! हे बघितल्यावर काका खुर्चीतून उठलेच. आयुष्यभर बँकेत नोकरी, पण नोकरी म्हणजे विकेटकीपिंग, टाइम्स शील्ड आणि पावसाळ्यात कांगा लीग. काउंटरवर बसलेलं त्यांना फारसं कुणी बघितलेलं नाही. मॅच संपल्यावर पहिला प्रश्न काय, तर "यांच्यात पगार देऊन खेळवायला कधी लागले रे?"

मी म्हटलं १८६९, सिनसिनाटी, इथून दोन तासांवर, टीमचं नाव रेड स्टॉकिंग्ज, म्हणजे लाल मोजे. झालं. काकू म्हणाली तुम्ही दोघं जा, माझे गुडघे आणि मी इथेच बरे.

शुक्रवार

आय-७१ हायवेवर बघण्यासारखं काही नाही, मका आणि सोयाबीन, मका आणि सोयाबीन. दुपारी सिनसिनाटीत पोचलो, बॅगा टाकल्या आणि थेट नदीवर. ओहायो नदीवर रोबलिंगचा झुलता पूल आहे, १८६६-६७ च्या थंडीत सुरू झालेला, अजूनही त्यावरून गाड्या जातात आणि खालची जाळी गुणगुणते. ज्या टीमसाठी आलो होतो त्यातली बहुतेक मंडळी या शहरात आली तेव्हा हा पूल नवाकोरा होता. याच जॉन रोबलिंगने पुढे ब्रुकलिन ब्रिजचं काम घेतलं, आणि १८६९ च्या जूनमध्ये तिकडे मोजणी करताना त्याचा पाय चिरडला आणि जुलैत तो गेला. त्याच जूनमध्ये सिनसिनाटीची टीम ब्रुकलिनमध्ये खेळत होती.

संध्याकाळी इथली फेमस चिली खाल्ली. स्पॅगेटीवर दालचिनी घातलेला पातळ खिमा आणि त्यावर डोंगराएवढं किसलेलं चीज. काका म्हणाले ठीक आहे. काकांचं "ठीक आहे" म्हणजे काय ते घरच्यांना माहीत आहे.

मग फाउंटन स्क्वेअर. याच भागात वॉलनट स्ट्रीटवर पूर्वी गिब्सन हाउस नावाचं हॉटेल होतं. १५ जून १८६९ ला टीम न्यूयॉर्कच्या म्युच्युअल्सशी खेळत होती तेव्हा या हॉटेलसमोर साधारण दोन हजार माणसं तारेची वाट बघत उभी होती. रेडिओ नाही, टीव्ही नाही, फक्त तार. आणि तार आली की ४-२ ने जिंकलो. आता ४-२ म्हणजे आपल्याला काहीच वाटत नाही, पण त्या काळात स्कोअर ३०, ४०, ५० असे जायचे, याच टीमने सीझनची सुरुवात ४५-९ ने केली होती, त्यामुळे ४-२ हा आकडा वाचून लोक येडेच झाले असणार.

एवढं वेड कुठून आलं? तर एका धुलाईतून. १८६७ च्या जुलैमध्ये वॉशिंग्टनची नॅशनल्स टीम इथे येऊन यांना ५३-१० ने धुऊन गेली. त्या नॅशनल्समध्ये जॉर्ज राइट नावाचा विशीतला शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये उभा राहणारा फील्डर) होता. कागदावर तो सरकारी कारकून, पत्ता दिलेला २३८ पेन्सिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यू, आणि त्या पत्त्यावर होती सार्वजनिक बाग! तेव्हा नियमाने पगार घ्यायला बंदी होती, म्हणून सगळे बडे क्लब खेळाडूंना असंच कुठेतरी चिकटवायचे. काका खो खो हसले. "बाग? आम्हाला निदान टेबल-खुर्ची तरी होती."

शनिवार

सकाळी युनियन टर्मिनल. १९३३ चं रेल्वे स्टेशन, आता म्युझियम सेंटर आहे, समोरून बघितलं तर एक प्रचंड अर्धगोल, आत भिंतींवर काम करणाऱ्या माणसांची मोझेकं. खरं तर दिवसभर आत घालवता येईल. पण आम्हाला बाहेरचा भाग हवा होता, म्हणजे जिथे कारंजं आणि हिरवळ आहे तो. याच परिसरात तेव्हा लिंकन पार्क होतं आणि पार्कच्या मागे युनियन ग्राउंड्स, या टीमचं होम ग्राउंड. हिवाळ्यात त्यात पाणी सोडून बर्फ करायचे आणि स्केटिंगचे पैसे घ्यायचे. ग्राउंड रिकामं ठेवायचंच नाही.

मुळात हे ग्राउंड क्रिकेटवाल्यांचं, नावातलं युनियन हे युनियन क्रिकेट क्लबचं. आणि तिथे प्रोफेशनल म्हणून १८६५ मध्ये आला हॅरी राइट, जॉर्जचा मोठा भाऊ. जन्म इंग्लंडमधल्या शेफिल्डचा, बाप सॅम राइट न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबचा प्रो. हॅरी इथे आला तो पिच बघायला, बॉलिंग टाकायला आणि हौशी मेंबरांना शिकवायला, वर्षाला १,२०० डॉलर. मग शहराला बेसबॉलचा नाद लागला, क्लबचा अध्यक्ष एरन चॅम्पियन नावाचा तरुण वकील होता (आडनाव बघा!), त्याने हॅरीला तेवढ्याच पगारावर बेसबॉलकडे ओढलं.

कारंज्याच्या कठड्यावर बसून मी काकांना पगाराची यादी वाचून दाखवली. जॉर्ज राइट, शॉर्टस्टॉप, १,४००. हॅरी, कॅप्टन आणि सेंटर फील्ड, १,२००. पिचर, म्हणजे आपला बॉलर, एसा ब्रेनार्ड १,१००. थर्ड बेसचा फ्रेड वॉटरमन १,०००. मग गूल्ड, स्वीझी, लेनर्ड, मॅक्वे आणि कॅचर डग अ‍ॅलिसन प्रत्येकी ८००. राखीव डिक हर्ली ६००. एकूण ९,३०० डॉलर, १५ मार्च ते १५ नोव्हेंबर. कॅप्टनपेक्षा धाकट्या भावाला जास्त, आणि पगार ठरवणाऱ्यांत कॅप्टन स्वतः.

काकांचं लक्ष भलतीकडेच. "कीपरला आठशे? आणि पिचरला अकराशे? बिनाग्लोव्हचा कीपर आणि त्याला तीनशे कमी? हा अन्याय सगळीकडे आहे बघ."

मला यादीतलं दुसरंच आवडतं. यातले लोक होते कोण, तर कुणी टोप्या बनवणारा, कुणी संगमरवर कापणारा, कुणी विमा एजंट, मॅक्वे पियानोच्या कारखान्यातला, हॅरी स्वतः जवाहिऱ्याचं काम शिकलेला. आणि दहा जणांत सिनसिनाटीचा म्हणावा असा एकच, चार्ली गूल्ड. बाकी सगळे बाहेरून आणलेले, तरी शहर "आमची पोरं" म्हणून डोक्यावर घेऊन नाचलं. आयपीएलवाल्यांना आपण उगाच नावं ठेवतो.

आणि एक गोष्ट ठासून सांगायला पाहिजे. पैसे घेऊन खेळणारे हे पहिले नव्हेत, ते सगळेच करत होते, फक्त चोरून. १८६९ च्या सीझनसाठी बेसबॉल क्लबांच्या राष्ट्रीय असोसिएशनने पगाराला परवानगी दिल्यावर "हो, आमची अख्खी टीम पगारावर आहे, सीझनभर, करार करून" असं उघड सांगणारे हे पहिले. माझ्या मते त्यांचं खरं काम हेच, न हरण्याचं रेकॉर्ड त्यातून आपोआप आलं. बाकीचे ऑफिस सुटल्यावर प्रॅक्टिस करायचे आणि यांचं ऑफिसच प्रॅक्टिस. कोण कुठे उभा राहणार, थ्रो चुकला तर मागे कोण धावणार, कॅचला आवाज कुणी द्यायचा, हे हॅरी रोज घोटून घ्यायचा, स्वतः दारूला शिवायचा नाही आणि इतरांवरही नजर. ब्रेनार्डने मात्र त्याला छळलं. त्याची एक गोष्ट सांगतात, मॅच चालू असताना मैदानात ससा आला आणि साहेबांनी बॅट्समनऐवजी बॉल सशाला मारला, ससा वाचला आणि समोरच्यांनी दोन रन काढल्या.

दुपारी स्प्रिंग ग्रोव्ह. हे कब्रस्तान आहे पण लोक इथे झाडं बघायला, फिरायला येतात, तळी आहेत, हंस आहेत, सातशेच्या वर एकर जागा. आम्हाला चार्ली गूल्डला भेटायचं होतं. नकाशा हातात असूनही ऊन चढेपर्यंत फिरलो. गूल्ड फर्स्ट बेसला, उंच माणूस, येईल तो थ्रो पकडायचा. तो १९१७ मध्ये गेला, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये राहत होता, त्याला इथे आणून पुरलं आणि थडग्यावर दगडसुद्धा नाही! दगड बसला १९५१ मध्ये. ज्या शहराचा तो एकटाच खरा पोरगा होता त्या शहराने चौतीस वर्षं लावली.

त्यातून त्याचं नशीब बघा. १८७६ मध्ये नॅशनल लीग सुरू झाली तेव्हा सिनसिनाटीच्या नव्या टीमचा मॅनेजर गूल्डच, आणि त्या टीमने ९ जिंकल्या, ५६ हरल्या. १८६९ मध्ये एकही मॅच न हरलेला माणूस सात वर्षांनी त्याच शहरात छप्पन हरला. काकांनी टोपी काढली, दगडाकडे बघून म्हणाले, "कॅप्टन्सी घ्यायचीच नाही कधी."

रविवार

सिनसिनाटीच्या आजच्या टीमचं, रेड्सचं, हॉल ऑफ फेम म्युझियम ग्रेट अमेरिकन बॉल पार्कला लागूनच आहे. १८६९ चा भाग मोठा नाही, बहुतेक लोक पीट रोझ, जॉनी बेंच, १९७० च्या दशकात बिग रेड मशीन म्हणून गाजलेली टीम यांच्यासाठी येतात. आम्ही सुरुवातीलाच अडकलो. त्या काळचा बॉल म्हणजे एकाच कातड्याच्या चार पाकळ्या वळवून शिवलेला, टाके फुलीसारखे वर येऊन भेटतात. काका काचेला नाक लावून बघत राहिले, मग स्वतःची उजवी करंगळी समोर धरली. ती पहिल्या पेरातून बाहेर वळलेली आहे, लहानपणी आम्हाला वाटायचं काका मुद्दाम वाकडी धरतात. "ग्लोव्ह घालून ही अशी झाली. मग त्या अ‍ॅलिसनचे हात कसे असतील?" डग अ‍ॅलिसन बॅट्समनच्या बरंच जवळ उभा राहून उघड्या हातांनी झेलायचा, बॉल खालून यायचा हे खरं पण पिचर फक्त ४५ फुटांवर. १८७० मध्ये बिचाऱ्याने हातात मऊ कातड्याचे मोजे घालून बघितले, ग्लोव्ह वापरणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत त्याचं नाव घेतात ते यामुळे.

लाल मोजे ही पण त्या वेळी गंमतच होती. इतर टीम्स लांब पँट घालून खेळायच्या, यांनी गुडघ्यापर्यंतची तुमान आणि खाली लालभडक लोकरी मोजे, म्हणजे पोटऱ्या दिसतात! काही लोकांना ते अश्लील वाटलं, काहींना फारच आवडलं, पण धावायला सोपं होतं आणि नाव त्यावरूनच पडलं.

१८६९ चा हिशोब असा: असोसिएशनच्या क्लबांविरुद्ध ५७ विजय, ० पराभव. पूर्वेचा दौरा मे अखेरीस सुरू झाला, वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची भेट झाली, १ जुलैला परत आले तेव्हा मिरवणूक, आणि एका लाकूड कंपनीने त्यांना २७ फुटी बॅट भेट दिली, सगळ्यांची नावं लिहून. त्या रात्रीच्या मेजवानीत चॅम्पियन म्हणाला की देशाच्या अध्यक्षपदापेक्षा मला या क्लबचं अध्यक्षपद जास्त आवडेल. सप्टेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को. कोस्ट-टू-कोस्ट रेल्वे त्याच वर्षी १० मे ला जोडली गेली होती, रुळांवरची माती अजून ओली, आणि हे त्यावरून बेसबॉल खेळायला निघाले.

फक्त एकच डाग, ऑगस्टमध्ये ट्रॉयच्या हेमेकर्सशी १७-१७. तिथे मोठा सट्टा लागलेला होता. बरोबरी असतानाच हेमेकर्सच्या लोकांनी अंपायरशी भांडण काढलं आणि टीमला मैदानाबाहेर नेलं, म्हणजे बेट घेणाऱ्यांना पैसे द्यायला नकोत. अंपायरने मॅच सिनसिनाटीला दिली, पण पुष्कळ जण ती टायच धरतात. काका म्हणाले, "मग तेव्हापासूनच सगळं आहे म्हणायचं."

आणि आता माझा लाडका आकडा. सीझनची जमा २९,७२६ डॉलर २६ सेंट. खर्च २९,७२४ डॉलर ८७ सेंट. शिल्लक १ डॉलर ३९ सेंट! सगळ्या देशात गाजलेली, एकदाही न हरलेली टीम, आणि नफा दीड डॉलरसुद्धा नाही. बँकवाल्या काकांनी तो आकडा माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. "ऑडिट कुणी केलं होतं?" मला कसं माहीत असणार.

दुपारची मॅच बघितली. स्टेडियम नदीकाठी, आउटफील्डमध्ये जुन्या आगबोटीसारखे धुराडे उभे केलेत. मॅचबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, ऊन मात्र भाजून काढत होतं. मागच्या रांगेत डोक्यापासून पायापर्यंत लाल कपड्यातले एक आजोबा होते, त्यांनी काकांना सांगितलं की आमची टीम जगातली सगळ्यात जुनी, १८६९ पासूनची. मी खरं तर गप्प बसायला हवं होतं. पण हे आत्ताचे रेड्स ते नव्हेत हो. ती मूळ पगारी टीम दोनच सीझन टिकली. नंतर १८७६ ची नॅशनल लीगवाली आली, तिला १८८० मध्ये लीगने बाहेर काढलं, कारण हे ग्राउंडवर बिअर विकत होते आणि रविवारी ग्राउंड भाड्याने देत होते (जर्मन लोकांचं शहर, बिअर बंद करा म्हणजे काय?). मग १८८२ पासून दुसऱ्या लीगमध्ये जी उभी राहिली ती आजची. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, मोजे कुणाचे आहेत? आणि पँट वर करून दाखवले. यावर काय बोलणार.

सोमवार

सिनसिनाटीचं विमानतळ केंटकीत आहे, हा एक वेगळाच विनोद. विमान लेट, न्यू जर्सीला पोचेपर्यंत रात्र. एडिसनला मावसबहिणीकडे पिठलं-भाकरी. काकूचा फोन, "अहो, गोळ्या घेतल्या का?" घेतल्या नव्हत्या.

मंगळवार

ब्रुकलिन. याच दिवसासाठी सगळी ट्रिप होती असं म्हटलं तरी चालेल.

ए ट्रेनने नॉस्ट्रँड अ‍ॅव्हेन्यूला उतरलो आणि उत्तरेकडे चालत निघालो. बेड-स्टाय म्हणतात या भागाला. तपकिरी दगडाची चार-चार मजली घरं, समोर उंच पायऱ्या, पायऱ्यांवर बसलेली माणसं, कोपऱ्यावर न्हाव्याचं दुकान आणि आतून मोठ्याने गाणी. हॅल्सी स्ट्रीट आला की एक सीमा, पुढे हॅनकॉक, जेफरसन, मग पटनम ही दुसरी सीमा, पलीकडच्या बाजूला मार्सी अ‍ॅव्हेन्यू. या चौकोनात कॅपिटोलाइन ग्राउंड्स होतं. मार्सीच्या बाजूला जुन्या बॉइज हाय स्कूलची मनोऱ्यांची इमारत आहे, ती नंतरची. ग्राउंडची एक वीटही नाही, सगळी घरंच घरं.

१४ जून १८७०. तोपर्यंत सलग ८१ विजय झालेले. समोर ब्रुकलिनचे अ‍ॅटलांटिक्स, ज्यांना मागच्या वर्षी यांनी ३२-१० ने हरवलेलं. तिकीट ५० सेंट, गर्दीचे आकडे नऊ हजारांपासून वीस हजारांपर्यंत काहीही सांगतात, आत जागा नाही म्हणून लोक फील्डच्या कडेने उभे, झाडांवर, छपरांवर. आम्ही जेफरसनच्या फुटपाथवर उभं राहून ठरवायचा प्रयत्न करत होतो की राइट फील्ड कुठे असेल, तेवढ्यात एका पायरीवरच्या बाईंनी विचारलं काय शोधताय, मी सांगितलं १८७० ची बेसबॉल मॅच. त्या म्हणाल्या मग उशीर झालाय तुम्हाला.

नऊ इनिंग्ज झाल्या, ५-५. अ‍ॅटलांटिक्सला बरोबरी चालणार होती, न हरणाऱ्या टीमशी बरोबरी म्हणजे विजयच, ते बॅटा आवरून निघालेसुद्धा आणि लोक मैदानात घुसले. इथे हॅरी राइट अडला. पुढे खेळायचं म्हणाला. नियम कुणाला नीट माहीत नाही, शेवटी हेन्री चॅडविकला विचारलं, हा पत्रकार आणि नियम समितीचा माणूस, तो म्हणाला खेळावं लागेल. हॅरीने तेव्हा हात मिळवले असते तर रेकॉर्ड शाबूत राहिलं असतं! काका इथे चालता चालता थांबले. "नाही रे, बरोबर केलं त्याने. लोकांनी पन्नास सेंट दिलेत." मला वाटतं हॅरीच्या डोक्यातही तेच असणार, तो सगळ्या गोष्टी गिऱ्हाइकाच्या बाजूने बघायचा.

दहाव्या इनिंगमध्ये जॉर्ज राइटने एक भन्नाट लबाडी केली. अ‍ॅटलांटिक्सचे दोन रनर बेसवर, बॅट्समनचा सोपा कॅच उडाला, जॉर्जच्या हातात येणार म्हणून रनर जागेवर उभे, आणि जॉर्जने तो मुद्दाम खाली पाडला. कॅच नाही म्हणजे रनरना पळावंच लागणार, याने उचलून फेकला, एकाऐवजी दोघे आउट. याच्यावर नंतर नियम आला, पण १८९० च्या दशकात. काका खूश पण पसंती देईनात. "हुशारी आहे. पण मी नसतं केलं." बाकी काकांच्या स्वतःच्या स्लेजिंगच्या कहाण्या आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहेत.

अकराव्यात सिनसिनाटीने दोन रन काढल्या, ७-५. संपलंच म्हणायचं. मग अ‍ॅटलांटिक्सचा चार्ली स्मिथ बेसवर आला (तीन बेस ओलांडून घरी, म्हणजे होमला, परतलं की एक रन), वाइल्ड पिचवर, म्हणजे कॅचरच्या हाताबाहेर गेलेल्या बॉलवर, थर्डपर्यंत पोचला. जो स्टार्टने राइट फील्डला लांब मारला, बॉल गर्दीत गेला. मॅक्वे, एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा, बॉल काढायला लोकांच्या पायांत शिरला आणि कुणीतरी त्याच्या पाठीवर चढला असं तेव्हापासून सांगितलं जातंय. खरं असो की नसो, बॉल येईपर्यंत स्मिथ आत आणि स्टार्ट थर्डवर. ७-६. पुढे बॉब फर्ग्युसन, कॅप्टन. नेहमी उजव्या हाताने खेळणारा हा माणूस डावखुरा उभा राहिला, का तर बॉल जॉर्ज राइटच्या दिशेला जायला नको! आणि हिट मारली, स्टार्ट घरी, ७-७. मग झेटलाइन, त्यांचा पिचर, त्याने फर्स्ट बेसकडे जोरात मारला. तिथे आमचा स्प्रिंग ग्रोव्हवाला गूल्ड. बॉल हातातून निसटला, घाईत उचलून सेकंडला फेकला तो भलतीकडेच, आणि फर्ग्युसन धावत घरी. ८-७.

चॅम्पियनने त्या रात्री घरी तार केली की अशी मॅच आजवर झाली नाही, पोरं शर्थीने खेळली पण नशीब उलटं पडलं, हरलो पण लाज गेली नाही. तार अशी ऐटीत, आणि हॉटेलच्या खोलीत म्हणे रडला.

क्लबांच्या त्याच असोसिएशनने १८६७ च्या डिसेंबरमध्येच काळ्या खेळाडूंच्या क्लबांना दारं बंद केली होती. आणि आता ते ग्राउंड जिथे होतं तिथे न्यूयॉर्कमधली एक मोठी काळी वस्ती आहे, याच ब्रुकलिनच्या टीममधून १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू मोठ्या लीगमध्ये आला. कॅपिटोलाइनच्या गप्पा मारताना हे बाजूला ठेवून चालत नाही.

परत येताना न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीवरून गेलो. हॅरी राइटच्या वह्या तिथल्या स्पाल्डिंग कलेक्शनमध्ये आहेत, पण त्या काही वाटेवरच्या माणसाला काढून देत नाहीत. बाहेरच्या सिंहांसोबत काकांचा फोटो काढला.

बुधवार

सकाळच्या अ‍ॅमट्रॅकने बॉस्टन. खिडकीतून कनेटिकटचा समुद्र, काका झोपलेले.

पहिल्या पराभवानंतर काय झालं ते थोडक्यात. १८७० मध्ये एकूण सहाच मॅच हरले हो, सहा! पण सिनसिनाटीच्या लोकांचा इंटरेस्ट गेला, गेटवर पैसे येईनात, इतर शहरं खेळाडूंना जास्त पगार देऊ लागली, चॅम्पियन ऑगस्टमध्ये पायउतार झाला आणि नोव्हेंबरमध्ये क्लबने जाहीर केलं की पुढच्या वर्षी पगारी खेळाडू ठेवणार नाही. १ डॉलर ३९ सेंटवर चालणाऱ्या दुकानाला एवढंसं निमित्त पुरतं. पहिल्या वर्षीचा आकडा बघितला असता तर हे कुणालाही आधीच कळलं असतं.

हॅरीने जॉर्ज, गूल्ड आणि मॅक्वेला घेऊन बॉस्टन गाठलं. नावही नेलं, मोजेही नेले. बॉस्टन रेड स्टॉकिंग्ज, १८७२ ते १८७५ सलग चार वेळा चॅम्पियन. बाकीचे बहुतेक वॉशिंग्टनच्या ऑलिम्पिक्स नावाच्या क्लबकडे. बॉस्टनची ती टीम पुढे ब्रेव्हज झाली, १९५३ ला मिलवॉकी, १९६६ ला अटलांटा, म्हणजे रक्ताचं नातं बघाल तर १८६९ ची टीम अटलांटात आहे. लाल मोजे नॅशनल लीगवाल्यांनी सोडले तेव्हा शेजारच्या अमेरिकन लीगच्या टीमने १९०८ च्या सीझनपासून उचलले, तेच रेड सॉक्स. एका वडिलोपार्जित घराचे तीन वारसदार आणि सातबारा कुणाकडेच नाही.

ऑरेंज लाइनने रगल्स स्टेशनला गेलो, तिथे साउथ एंड ग्राउंड्सची पाटी आहे. ग्राउंडवर आता युनिव्हर्सिटीची पार्किंग इमारत. पाच मिनिटं थांबलो. मग आतल्या बाजूला साय यंग या जुन्या पिचरचा पुतळा बघितला, १९०३ ची पहिली वर्ल्ड सिरीज इथल्या दुसऱ्या ग्राउंडवर झाली होती, पण पाऊस आला.

गुरुवार

चेस्टनट हिल. होलीहूड कब्रस्तानात जॉर्ज राइट आहे. १९३७ मध्ये नव्वदीत गेला, त्याच वर्षी बेसबॉलच्या राष्ट्रीय हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेला. हॅरी १८९५ मध्येच गेलेला, त्याला १९५३ पर्यंत वाट बघावी लागली. जॉर्जने आयुष्याचं सोनं केलं, राइट अँड डिटसन नावाची खेळाच्या सामानाची कंपनी काढली, टेनिस-गोल्फ अमेरिकेत रुजवायला हात लावला, मुलगा बील्स टेनिसमध्ये ऑलिम्पिक चॅम्पियन.

तिथून जवळच लाँगवुड क्रिकेट क्लब. जॉर्ज या क्लबकडून क्रिकेट खेळायचा हे कळल्यावर काकांनी तिथे गेल्याशिवाय परतायचं नाही असं जाहीर केलं. गेलो. गेटवर क्रिकेट क्लब लिहिलंय, आत हिरवीगार लॉन टेनिस कोर्टं, क्रिकेट १९३० च्या दशकातच बंद पडलेलं. मेंबर नसाल तर आत नाही. काका फाटकातून बघत म्हणाले, "नाव ठेवलंय क्रिकेट आणि आत एक स्टंप नाही. आपल्याकडे जिमखान्यात उलटं."

मी त्यांना बरं वाटावं म्हणून सांगितलं की १८७४ मध्ये हॅरी राइट बॉस्टन आणि फिलाडेल्फियाच्या टीम्स घेऊन इंग्लंडला गेला होता, बेसबॉल दाखवायला, आणि यजमानांच्या समाधानासाठी क्रिकेटही खेळले, लॉर्ड्सवर एमसीसीशी, आणि अख्ख्या दौऱ्यात क्रिकेटमध्ये एकदाही हरले नाहीत.

"लॉर्ड्सवर? एमसीसीला?"

"हो. पण हे अठरा जण खेळायचे, समोर अकरा-बारा."

"अठरा? हॅट! मग आमच्या बँकेची बी टीमसुद्धा हरली नसती."

मी म्हटलं अहो पण बहुतेकांनी कधी क्रिकेटची बॅट धरलेली नव्हती. ते म्हणाले अठरा फील्डर म्हणजे गॅप कुठे राहतो, मुंबईच्या मैदानावर एवढे असतातच पण ते दुसऱ्या मॅचचे. हा वाद स्टेशनपर्यंत चालला, मग विमानात, आणि कोलंबसला पोचल्यावर त्यांनी काकूला पंच नेमलं. काकूने दोघांनाही आधी आंघोळ करायला सांगितलं.